दोघांपुरतं : परभणीच्या ओट्यावरचा एअर फ्रायर

दोन माणसांसाठी आठ कोथिंबीर वड्या तळायच्या तर कढईत किती तेल ओतावं लागतं? घरातली सगळ्यात लहान कढई काढली तरी वडी बुडायला पाव लिटर, तीनशे मिलिलिटर लागतंच. त्यातलं वड्यांच्या अंगात मुरतं ते फार तर तीन-चार चमचे. बाकीचं कढईतच राहतं आणि खरी पंचाईत तिथून सुरू होते. घरात आठ-दहा माणसं जेवायला असायची तेव्हा त्याच तेलात वड्यांमागून पापड-कुरडया निघायच्या आणि उरलंसुरलं दुसऱ्या दिवशीच्या फोडणीला लागून संपायचं. आता मुलं शिकायला किंवा नोकरीला पुण्याला गेलेली, घरात नवरा-बायको दोघंच. उरलेलं तेल गाळून वाटीत झाकून ठेवलं जातं, चार दिवसांनी पुन्हा कढईत येतं, पुन्हा तापतं, पुन्हा वाटीत जातं. आठवड्याभरात ते काळपट आणि दाट होतं, तरी टाकवत नाही. तेलाचे भाव बघता कुणालाच टाकवणार नाही.

तेल असं वारंवार तापलं की हवेतल्या ऑक्सिजनमुळे आणि तळणातून सुटणाऱ्या पाण्यामुळे त्याचे रेणू तुटतात, त्यांचे नवे आणि शरीराला नकोसे पदार्थ बनतात. या पदार्थांना मिळून ‘एकूण ध्रुवीय घटक’ म्हणतात. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने १ जुलै २०१८ पासून नियम लागू केला, की हे प्रमाण २५ टक्क्यांच्या वर गेलेलं तेल खाद्यपदार्थ बनवायला वापरायचं नाही. हॉटेलांत आणि फरसाणाच्या कारखान्यांत ते मोजायला उपकरण असतं, घरात नसतं. घरात फक्त खुणा दिसतात : तेल चिकट होतं, पदार्थ टाकताच मोठा फेस धरतं आणि पूर्वीपेक्षा लवकर धुरावतं.

दोघांच्या संसारात एअर फ्रायरचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे, आणि जाहिरातीत नेमका तोच सांगितला जात नाही. जाहिरात बोलते पोटात जाणाऱ्या तेलाबद्दल. पण दोन माणसांच्या घरात कढईत उरणाऱ्या तेलाचा प्रश्न त्याहून मोठा आहे. थोडकं तळणं कढईला कधीच परवडत नाही, आणि एअर फ्रायर हे यंत्रच थोडक्यासाठी केलेलं आहे.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर कौतुकाने ऐकवतात. योगायोग असा की हे यंत्र जगापुढे आलं ते जर्मनीतच. बर्लिनच्या ‘इफा’ या विद्युत उपकरणांच्या प्रदर्शनात २०१० साली फिलिप्स कंपनीने आपला ‘एअरफ्रायर’ मांडला. त्यामागे फ्रेड व्हॅन डेर वाइज या डच संशोधकाची काही वर्षांची खटपट होती. भरपूर तेलात न तळता बटाट्याच्या कुरकुरीत फोडी घरच्या घरी करता याव्यात, एवढीच त्याची मूळ इच्छा. कल्पना मात्र त्याहून जुनी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत विल्यम मॅक्सन याने विमानप्रवासात गोठवलेलं जेवण गरम करायला पंखा बसवलेली भट्टी बनवली होती. पुढे बेकऱ्यांमध्ये अशा पंख्याच्या भट्ट्या रुळल्या. एअर फ्रायरने तीच भट्टी लहान करून ओट्यावर आणली.

आत वर एक विजेचं वेटोळं असतं, त्यावर पंखा, आणि खाली जाळीची टोपली. वेटोळं हवा तापवतं, पंखा ती हवा जोराने खाली फेकतो, जाळीतून ती पदार्थाच्या खालून-बाजूने फिरून पुन्हा वर येते. बहुतेक यंत्रांत तापमान ८० ते २०० अंशांमध्ये ठेवता येतं. तळणीचं तेलही १७०-१९० अंशांवरच असतं. तरीही दोघांत मोठा फरक आहे. सारख्याच तापमानाचं तेल पदार्थाला हवेपेक्षा कितीतरी पटींनी जलद उष्णता देतं. हवा त्या मानाने आळशी. पदार्थाभोवती ओलसर, गार हवेचा पातळ थर चिकटून राहतो आणि तो उष्णतेला आत येऊ देत नाही. पंख्याचं काम तो थर उडवून लावायचं. मे महिन्यात परभणीत गच्चीवर घातलेल्या कुरडया वारा पडलेला असताना दोन दिवस घेतात आणि झळा सुटल्या की संध्याकाळपर्यंत कडकडीत होतात, तसंच हे.

पाणी उडून पृष्ठभाग कोरडा झाला की तिथलं तापमान शंभर अंशांच्या पुढे चढतं. साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिनं आणि साखर यांच्यात ती प्रक्रिया वेगाने होते जिच्यामुळे भाजलेल्या दाण्यांना, भाकरीच्या पापुद्र्याला, खरपूस वडीला रंग आणि वास येतो. लुई मेलार्ड या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं, म्हणून ती मेलार्ड प्रक्रिया. कढई, तवा, एअर फ्रायर या सगळ्यांची धडपड शेवटी पदार्थाला तिथवर न्यायची असते. म्हणून एअर फ्रायरचा पहिला नियम : आत जाणारी वस्तू वरून कोरडी हवी, तिला तेलाचं पुसट बोट हवं, आणि तिच्या चारी बाजूंनी वारा खेळायला जागा हवी. टोपली गच्च भरली की वारा अडतो, वाफ कोंडते आणि पदार्थ भाजायच्या ऐवजी उकडतो. चार लिटरची टोपली एका थरात जेवढं सामावून घेते ते दोघांना पुरतं, चौघांना नाही. चौघांसाठी दोन घाणे काढावे लागतात आणि मग सगळी सोय गेली.

हे यंत्र परभणीत वापरून बघायचं तर सुरुवात भेंडीपासून करणं रास्त. त्याला कारण आहे.

१९७० ते १९८५ या काळात भेंडीच्या शेतकऱ्याचा मोठा शत्रू होता हळद्या हा विषाणूजन्य रोग. पांढरी माशी त्याचा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, मग अख्खं पान आणि शेवटी भेंडीसुद्धा. त्या वेळी देशभर लावली जाणारी ‘पुसा सावनी’ ही जात या रोगापुढे टिकेनाशी झाली होती. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठाची स्थापना १९७२ची. तिथल्या शास्त्रज्ञांनी ‘पुसा सावनी’चा संकर भेंडीच्या एका रानटी भाऊबंदाशी केला. ती रानटी जात खायला फारशी कामाची नाही, पण हळद्याला दाद देत नाही. संकरातून आलेल्या पिढ्यांतून निवड करत करत १९८५ साली जी जात बाहेर पडली तिचं नाव ‘परभणी क्रांती’. गर्द हिरवी, सडपातळ, कोवळी राहणारी. परभणीचं नाव देशभरच्या बियाण्यांच्या दुकानांत पोचवण्यात तिचा वाटा मोठा. पुढे विषाणूही बदलत गेले आणि बाजारात खासगी कंपन्यांच्या संकरित जाती आल्या. तरी भेंडीच्या इतिहासात या गावाचं पान कायमचं आहे.

भेंडीची अडचण म्हणजे तिचा बुळबुळीतपणा. चिरल्यावर पेशींमधला चिकट रस बाहेर येतो. हा रस पाण्यात फुगतो, म्हणून ओल्या भेंडीला तार सुटते. कढईत भाजी परतताना झाकण ठेवलं की वाफेचं पाणी परत खाली पडतं आणि चिकटपणा वाढतो. कुरकुरीत भेंडी करायला म्हणून हॉटेलवाले ती तेलात सोडतात, आणि भेंडीच्या कापलेल्या कडा तेल भरपूर पितात. एअर फ्रायरचा कोरडा वारा नेमका इथे उपयोगी पडतो. सुटलेला रस तार धरायच्या आत वाळून जातो.

दोघांसाठी पाव किलो भेंडी. धुऊन कापडावर पसरून पूर्ण कोरडी करायची, हे पाऊल गाळून चालत नाही. देठ-टोक काढून उभी चार भागांत चिरायची. बिया राहिल्या तरी चालतात. एका पसरट ताटात भेंडीवर दीड चमचा तेल, हळद, लाल तिखट, धन्याची पूड आणि चिमूटभर आमचूर घालून हाताने चोळायचं. मग दोन चमचे बेसन वरून भुरभुरायचं. बेसन सुटलेला ओलावा धरून ठेवतं आणि त्याचंच पातळ कवच होतं. मीठ आत्ता घालायचं नाही. मिठाने भेंडीला पाणी सुटतं आणि कोरडी करायची सगळी मेहनत वाया जाते. १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटं. पाचव्या आणि दहाव्या मिनिटाला टोपली बाहेर ओढून हलवायची. पहिल्यांदा टोपली ओढली की भेंडी मऊ, मलूल दिसते आणि आता ही बिघडली असं वाटतं. दुसऱ्या वेळी कडा आत वळायला लागलेल्या असतात. शेवटच्या तीन-चार मिनिटांत बेसनाचा रंग बदलतो, टोपली हलवल्यावर आतून खडखड ऐकू येते, तेव्हा बाहेर काढून गरम असतानाच मीठ टाकायचं. वरण-भाताबरोबर ही भेंडी दोघांना पुरते. उरली तर दोन तासांत मऊ पडते, म्हणून उरेल एवढी करूच नये.

भरताच्या वांग्याचा अनुभव वेगळा. तीनशे ग्रॅमचं एक वांगं, सुरीने सात-आठ ठिकाणी टोचून, तेलाचा हात लावून २०० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं ठेवलं की आतून लोण्यासारखं मऊ होतं. टोचलं नाही तर आतली वाफ कोंडून वांगं फुटतं आणि गर वरच्या वेटोळ्यापर्यंत उडतो. शेवटच्या आठ मिनिटांत लसणाच्या सोललेल्या पाकळ्या आणि चिरा दिलेल्या हिरव्या मिरच्या शेजारी ठेवल्या तर भरीत आणि ठेचा एकाच खेपेत होतात. मिरच्यांच्या ठसक्याला खिडकी उघडी ठेवावी. सोलणंही सोपं, कारण साल अखंड सुटते.

चव मात्र शेतातल्या भरताची येत नाही, आणि ते मान्य केलेलं बरं. भरताची ओळख असलेला धुरकट वास साल विस्तवावर जळते तेव्हा निघणाऱ्या धुरातून येतो. एअर फ्रायरमध्ये साल वाळते, सुरकुतते, पण जळत नाही. त्यावर जुना उपाय आहे : कुस्करलेल्या भरताच्या मधोमध वाटी ठेवून त्यात पेटलेला कोळसा टाकायचा, वर तुपाचे दोन थेंब सोडायचे आणि पाच मिनिटं घट्ट झाकायचं. ज्यांच्याकडे कोळसा नाही त्यांनी वांगं सरळ गॅसच्या जाळावर भाजावं. एका वांग्यासाठी गॅसची शेगडी पुसायचा कंटाळा येतो हे खरं, पण भरताला तेवढं द्यावं लागतं.

आणि काही गोष्टी या यंत्राला जमतच नाहीत. भाकरी त्यात पहिली. ज्वारीच्या पिठात गव्हासारखं चिवट ग्लुटेन नसतं. तव्यावर टाकल्यावर वरून पाण्याचा हात फिरवल्यामुळे भाकरीचा वरचा पापुद्रा ओला, लवचीक राहतो आणि जाळावर धरली की आतली वाफ तो उचलून धरतो. एअर फ्रायरचा वारा हा पापुद्रा आधीच वाळवतो, त्याला तडे जातात आणि वाफ तिथून निसटते. भाकरी फुगत नाही, तिची जाड पापडी होते. शिळ्या भाकरीला मात्र इथे चांगले दिवस येतात. चतकोर करून, तेलाचं बोट, मीठ आणि जिरं चोळून १६० अंशांवर सहा-सात मिनिटं ठेवली की सोलापूरच्या कडक भाकरीच्या जवळ जाणारी कुरकुरीत चीज मिळते. दोन माणसांच्या घरात एखादी भाकरी रोजच उरते, त्यामुळे हा उपयोग छोटा नाही.

कांदाभज्यांचंही तेच. तेलात पडताक्षणी पिठाचं कवच बसतं, म्हणून भजं आपला आकार धरतं. हवेत कवच बसायला दोन-तीन मिनिटं लागतात आणि तोवर सैल पीठ जाळीतून खाली ओघळलेलं असतं. पुऱ्या, गुलाबजाम, जिलेबी यांचा विचारही करू नये. पापड हलका, तो पंख्याच्या ओढीने वर उडून वेटोळ्याला चिकटतो आणि करपतो. कारळं आणि जवस चटणीसाठी भाजायला घातले तर दाणे जाळीतून गळतात आणि राहिलेले वाऱ्याने आतभर उडतात. ते तव्यावरच बरे.

शेंगदाण्यांना मात्र हे यंत्र जणू मिळालेलं वरदान. कढईत दाणे भाजताना हात सारखा हलवावा लागतो आणि तरी काही काळे, काही कच्चे राहतात. दोनशे ग्रॅम दाणे १६० अंशांवर दहा-बारा मिनिटं, दर चार मिनिटांनी टोपली हलवून. दाण्याचा रंग अजून थोडा कमीच वाटत असताना काढायचे, कारण बाहेर आल्यावरही आतल्या उष्णतेने ते दोनेक मिनिटं भाजत राहतात. सुटलेली सालं टोपलीत ठेवून यंत्र पुन्हा चालवू नये. ती उडतात आणि जळतात.

साबुदाण्याच्या वड्यांचा प्रयोग करण्याजोगा आहे. तेलात हे वडे कधी कधी फुटतात आणि गरम तेल हातावर उडतं, ही भीती प्रत्येक घरात असते. चांगला भिजलेला साबुदाणा, उकडलेला बटाटा, दाण्याचं कूट, मिरची, जिरं असं नेहमीचंच मिश्रण, फक्त वडे चपटे आणि कडेला पातळ थापायचे. दोन्ही बाजूंना ब्रशने तेल लावून १९० अंशांवर पंधरा-अठरा मिनिटं, मध्ये एकदा उलटून. साबुदाणा कमी भिजला असेल तर कडक दाणे दाताखाली येतात.

आणि सुरुवातीच्या त्या कोथिंबीर वड्या. मराठी स्वयंपाकात वडी आधी उकडतात आणि मग तळतात, आणि ही दोन टप्प्यांची रीत एअर फ्रायरला फार मानवते. पहिल्या टप्प्यात पीठ शिजून घट्ट होतं, म्हणून ओघळण्याचा प्रश्नच उरत नाही. दुसऱ्यात फक्त वरचा थर वाळवून खरपूस करायचा राहतो. उकडलेला उंडा पूर्ण गार होऊ द्यावा, शक्य तर रात्रभर फ्रिजमध्ये. मग वड्या पाडून दोन्ही बाजूंना मिळून दोन चमचे तेल, वरून तीळ, १९० अंशांवर बारा मिनिटं. अळूवडीलाही हीच रीत. बाकीचा उंडा फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतो आणि रोज चार वड्या ताज्या निघतात. कढईत रोज चार वड्या कुणी तळत नाही.

तब्येतीबद्दल बोलताना हिशेब चोख ठेवावा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. तिच्या दोन हजार कॅलरींच्या नमुना आहारात स्वयंपाकाच्या तेला-तुपाचा वाटा माणशी रोज २७ ग्रॅम आहे. दोघांचे ५४ ग्रॅम, म्हणजे महिन्याला पावणेदोन लिटरच्या आसपास. किराणा यादीवर तेलाचा आकडा लिहिताना हा आकडा समोर ठेवला तर यंत्र घेण्याआधीच पुष्कळ काही कळतं. भाजीच्या फोडणीत पळीभर तेल ओतायचं आणि वड्या तेवढ्या एअर फ्रायरमध्ये करायच्या, याने महिन्याचं तेल फारसं कमी होत नाही.

दुसरी गोष्ट ॲक्रिलामाइडची. पिष्टमय पदार्थ १२० अंशांच्या वर कोरड्या उष्णतेत तापले की हा नको असलेला पदार्थ तयार होतो. स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी २००२ साली हे जगापुढे आणलं. तेल कमी म्हणून एअर फ्रायर त्यातून सुटत नाही. बटाट्याच्या फोडी अर्धा तास पाण्यात भिजवून, पुसून, सोनेरी होईपर्यंतच भाजाव्यात, तपकिरी होऊ देऊ नयेत. बटाटे फ्रिजमध्येही ठेवू नयेत. गारव्याने त्यांच्यातली साखर वाढते आणि मग ते लवकर काळे पडतात.

तेल कुठलं, हा प्रश्न या भागात जिव्हाळ्याचा. मराठवाड्यात करडई पूर्वीपासून आहे आणि विद्यापीठाच्या ‘परभणी कुसुम’ या करडईच्या जातीला शेतकरी ओळखतात. घाण्याचं करडईचं तेल मात्र लवकर धुरावतं. ते पदार्थ बाहेर काढल्यावर वरून लावावं, चव तिथेच खुलते. डब्यातले तेलाचे तयार फवारे टाळावेत. त्यांतल्या काही घटकांचा चिकट थर टोपलीच्या लेपावर बसतो आणि निघत नाही. साधा ब्रश पुरे.

आता वीज. १५०० वॅटचं यंत्र २३० व्होल्टवर साडेसहा ॲम्पियर ओढतं. ओट्याजवळचं मिक्सरचं लहान सॉकेट सहा ॲम्पियरचं असतं, म्हणून एअर फ्रायर गीझर किंवा एसीसाठी असतं तशा सोळा ॲम्पियरच्या सॉकेटवरच लावावा, तोही अर्थिंग तपासून. मल्टिप्लगवर तर अजिबात नाही. गावाकडे दाबाचा प्रश्न असतो. संध्याकाळी वस्तीवर सगळे दिवे-पंखे लागले की व्होल्टेज उतरतं आणि तापकाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १८० व्होल्टवर हेच यंत्र जेमतेम ९०० वॅटचं काम करतं. पुस्तिकेतली बारा मिनिटं मग वीसवर जातात आणि भेंडी कुरकुरीत होण्याआधी मरगळते. पालम-सोनपेठकडच्या एखाद्या घरात दुपारी छान होणारी वडी रात्री का बिघडते, याचं उत्तर बहुतेक वेळा पिठात नसतं, तारेत असतं. तिथे वेळ वाढवण्यापेक्षा दाब बरा असतो त्या वेळी यंत्र लावणं शहाणपणाचं.

पंधरा मिनिटांच्या एका खेपेला जास्तीत जास्त पावणेचार दशांश, म्हणजे ०.३७५ युनिट लागतं. प्रत्यक्षात कमीच, कारण ठरलेलं तापमान गाठल्यावर तापक बंद-चालू होत राहतो. दिवसाला दोन खेपा धरल्या तरी महिन्याला वीस-बावीस युनिटं. महावितरणच्या घरगुती बिलात पहिली शंभर युनिटं स्वस्त आणि त्यापुढची बरीच महाग असतात. ज्यांचं बिल नव्वद युनिटांच्या आसपास आहे त्यांची यातली बरीच युनिटं महागाच्या टप्प्यात पडतात. गॅसच्या १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटं उष्णता असते आणि तिचा साठ-पासष्ट टक्के भाग भांड्यापर्यंत पोचतो. दोन्हींचे दर आपापल्या बिलावर बघून ज्याने त्याने ताडून पाहावं. पैसे वाचतील म्हणून कुणी हे यंत्र घेऊ नये. आणि गॅस सोडून पूर्ण विजेवर जाण्याचा विचार तर या जिल्ह्यात करूच नये, कारण वीज गेली की स्वयंपाक थांबतो.

उन्हाळ्यातली सोय मात्र पैशात मोजता येत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा ४२-४४ अंशांवर असतो. गॅस पेटवला की ज्योत फडफडू नये म्हणून स्वयंपाकघरातला पंखा बंद करावा लागतो आणि तळणारं माणूस घामाने निथळत शेगडीपुढे उभं राहतं. एअर फ्रायर चालू असताना डोक्यावरचा पंखा चालू ठेवता येतो आणि टोपली हलवण्यापुरतंच तिथे यावं लागतं. सत्तरीकडे झुकलेल्या जोडप्याला, गुडघे दुखणाऱ्या बाईला याचं मोल कुणी समजावून द्यायला नको. यंत्राची पाठ भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. मागून गरम हवा बाहेर पडते आणि भिंतीवर आदळून परत आत गेली तर यंत्र अकारण तापतं. टोपली बोअरच्या जड पाण्याने धुतली तर पांढरे डाग बसतात, ते लिंबाच्या सालीने चोळले की जातात. तारेची घासणी लावू नये.

एका गोष्टीकडे मात्र परभणीच्या स्वयंपाकघराने अजून नीट पाहिलेलं नाही. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत खरिपात जिकडे तिकडे सोयाबीन दिसतं. विद्यापीठाची ‘एमएयूएस ७१’ ही जात शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. तरीही सोयाबीन पिकतं, मोंढ्यावर जातं आणि घरात परत येतं ते फक्त तेलाच्या पिशवीतून. ज्या दाण्यात जवळपास चाळीस टक्के प्रथिनं आहेत तो पिकवणाऱ्याच्याच ताटात नसतो. कारण कच्च्या सोयाबीनला उग्र वास असतो, तो चिवट असतो, आणि त्यात प्रथिनं पचू न देणारा एक घटक असतो. हा घटक ओल्या उष्णतेने निकामी होतो, नुसत्या कोरड्या भाजण्याने तितकासा नाही. म्हणून इथेही वडीचीच दोन टप्प्यांची रीत लागू पडते.

शंभर ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवायचं. सकाळी ते पाणी टाकून नव्या पाण्यात वीस मिनिटं चांगलं उकळायचं, पहिल्या उकळीलाच उग्र वास कमी होतो. निथळून हाताने चोळलं की बरीच सालं सुटतात. कापडावर तासभर पसरून कोरडं करायचं. मग एक चमचा तेल चोळून १७० अंशांवर अठरा-वीस मिनिटं, दर पाच मिनिटांनी टोपली हलवत. एखादा दाणा काढून, गार करून चावायचा. आत मऊ लागला तर आणखी तीन मिनिटं. बाहेर काढल्यावर मीठ, काळं तिखट आणि लसणाची पूड गरम दाण्यांवर टाकून ताटात पसरून ठेवायचे. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरले तर आतल्या वाफेने दाणे संध्याकाळपर्यंत नरम पडतात. नीट गार करून भरलेले दाणे आठवडाभर कुरकुरीत राहतात, आणि दुपारच्या चहाबरोबर दोघांनी मूठ-मूठ खाल्ले तर शंभर ग्रॅम तीन-चार दिवस पुरतात.